कर्मणी प्रयोग

हिरेमठ मॅडमनी 'मी' खोडला आहे.
लाल शाईने, सात ठिकाणी.
संशोधन आराखड्यात मी नसते म्हणे.
कर्मणी प्रयोगात लिही :
निवड केली जाईल, नोंद घेतली जाईल,
कान तपासले जातील.

विषय मंजूर आहे. यंत्रमाग कामगारांमधील श्रवणऱ्हास,
सोलापूरचा पूर्व भाग, वय तीस ते साठ.
अडलंय ते पद्धतीपाशी.

नमुना एकशे वीस, किमान दहा वर्षं मागावर.
हे सोपं होतं. आमच्या गल्लीतच सत्तावीस भरले.
इरय्या बिंगीला विचारलं, दहा झाली का,
त्यानं हाताचा पंजा सहा वेळा उघडून दाखवला.

तुलना गटाशी गाडं रुतलं.
तेच वय, तेच खाणंपिणं, तीच वस्ती,
फक्त खडखडाट न ऐकलेले.
मॅडम, असा माणूस साखर पेठेत आणायचा कुठून?
इथं पोटातल्या पोरालाही धोटा मोजता येतो.
सात रस्त्याकडचे घे, म्हणाल्या.
घेतले जातील.

संमतीपत्र :
'सहभागी व्यक्तीस माहिती मोठ्याने वाचून दाखवण्यात येईल.'
समासात लाल शाई : किती मोठ्याने?
मराठीत की तेलुगूत, ते नाही विचारलं.

प्रश्नावली, प्रश्न चौथा :
आपणास ऐकण्यास त्रास होतो का?
पूर्वचाचणी नान्नांवर केली.
बशीत चहा ओतत म्हणाले, नाही.
खरंच आहे त्यांचं.
आई ओरडूनच बोलते, शेजारीही,
आमचा टीव्ही चौकापर्यंत जातो,
आणि कारखान्यात ओठ पुरतात.
चार मागांपलीकडून 'डबा आला का' वाचतात ते.
साधनाची विश्वासार्हता : तपासली जाईल.

चार हजार हर्ट्झपाशी आलेख खड्ड्यात जातो.
तिथल्या आसपास स असतो, श असतो,
चिमण्या, फरशीवर पडलेली चिल्लर.
माझं नाव शशिकला.
हे आराखड्यात कुठंच बसत नाही.

मग शांत खोली.
चाळीस डेसिबलच्या आत हवी.
दवाखाना रस्त्याला लागून, शाळेला दोन्हीकडून माग,
मंगल कार्यालयात पाण्याची मोटर,
देवळात तर घंटाच.
मे महिना, त्रेचाळीस अंश, हातात मीटर,
चपलेचा अंगठा दोनदा शिवून घेतला.
(शिवून घेतला गेला.)
शेवटी सापडली :
बुडालेल्या पतसंस्थेची तिजोरीची खोली.
दोन फुटी भिंत, पोलादी दार.
अवसायक म्हणाले, वापरा, आत आता काहीच नाही.
मीटरवर अठ्ठावीस.

यंत्र लावून बघायला नान्नांनाच नेलं.
उंबऱ्याशी थांबले.
इथं त्यांची ठेव होती,
माझ्या लग्नाची नव्हे, दुसऱ्या मागाची.
तीन वर्षं पावती घेऊन येत राहिले,
तेव्हा काउंटरपलीकडच्यांना ऐकू येत नसे.

खुर्चीत बसवलं. कानांवर हेडफोन.
आवाज आला की बटण दाबा, खुणेनं सांगितलं.
दार ओढून घेतलं.
इतकं गप्प मी कधी काही ऐकलं नव्हतं.

अजून एकही सूर सोडला नव्हता
आणि त्यांनी बटण दाबलं.
परत दाबलं.
मग ठेक्यात, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं
धोटा जावा तसं.
मी हेडफोन काढून घेतला
तरी अंगठा चालूच.
'माग चालूय की,' म्हणाले,
'बंद कुठं केलाय कुणी?'

रात्री 'मर्यादा' या मथळ्याखाली लिहिलं :
काही सहभागींना पूर्ण शांततेतही
यंत्राचा आवाज येत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

सोमवारी कागद परत आला.
वाक्याखाली लाल रेघ. समासात : संदर्भ?

येमूल, राजेशम नरसय्या.
तोंडी. तिजोरीची खोली,
दुपारी सव्वातीन.