रोमला पाठवायचा अर्ज

शाई गोठते, म्हणून दौत काखेत धरून बसलोय
अर्डनाकेलच्या बुरुजात. पीटचा धूर डोळ्यांत जातो.
मागे सरदार मालिस येरझारा घालतायत,
त्यांच्या बुटांना अजून नदीचा चिखल.

लग्न ठरलं, आणि मुलगी नात्यातली निघाली.
चौथ्या पिढीत रक्त एक. पोपची माफी हवी.
माफीला चाळीस सोन्याची नाणी,
शिवाय जहाजाचं भाडं, शिवाय वाटेतले हात.

"मुळापासून लिही, डथाक. काही गाळू नकोस."

लिहितो.
मालिस, गिलब्राइडचा मुलगा.
गिलब्राइड वॉल्टरचा, ज्या वॉल्टरनं पुलावर पाय गमावला
आणि पायाच्या बदल्यात गिरणी कमावली.
वॉल्टर कॉनलचा.
कॉनल फर्गसचा. मुलीचा पणजाही त्याच फर्गसचा.
झालं. गाठ इथं बसते.

पण माझ्या पेटीत दोन चिठोरी आहेत.
एक खंडणीची पावती: कॉनल यॉर्कच्या कैदेतून सुटला,
पुरी तीन वर्षं काढून.
दुसरं चॅपलच्या जमाखर्चाचं पान, कैदेच्या दुसऱ्या वर्षाचं:
"मेण, अर्धा शेर. युफेमियाबाईंच्या मुलाच्या बारशाला."
त्याखाली, त्याच हातचं:
"सामन माशाचे जाळेवाले ईगन यास, बाईंच्या सांगण्यावरून, एक गाय."

गाय कशाची, लिहिलेलं नाही.
कॉनलनं घरी येऊन ते पोर मांडीवर घेतलं,
त्याला घोड्यावर बसवलं, जमीन दिली.
हेही कुठं लिहिलेलं नाही, पण दिसतं.

खरं सांगितलं तर चाळीस नाणी वाचतात.
नातंच नाही, मग माफी कसली?
फक्त बुरुज जातो, गिरणी जाते,
ढालीवरचा तो वाकड्या चोचीचा बगळा जातो.

"थांबलास का?"
"टाक बोथट झालाय, सरकार."

तासतो. पुन्हा लिहितो: वॉल्टर, कॉनलचा औरस पुत्र.
औरस शब्दावर शाई जरा जास्त सांडते.

सरदार खिडकीशी बसलेत. बोटांना चाळा हवा,
म्हणून पडद्याच्या सुटलेल्या दोरीला
न बघता गाठी मारतायत,
एकसारख्या, ओल्यातही न सरकणाऱ्या.
ती गाठ त्यांना कुणी शिकवली
मी कधीच विचारलं नाही.

मेण आणा. मोहर करायची आहे.