शेरा

आमच्या गळ-क्लबाचं ऑफिस म्हणजे
खडकी बाजारात, सायकलच्या दुकानावर एक खोली,
तीन बाकं, आणि एक लोखंडी कपाट
जे किल्ली हरवल्यापासून उघडंच असतं.
वर्गणी वर्षाला तीनशे. चहा ज्याचा त्याचा.
मला चिटणीस केलं ते माझं अक्षर बरं म्हणून,
आणि बाकीच्या चौदा जणांच्या बोटांना
कणकेचा नि हिंगाचा वास येतो म्हणून.

रजिस्टरला सहा रकाने:
तारीख, ठिकाण, आमिष, मासा, वजन, शेरा.
शेऱ्याचा रकाना सगळ्यात अरुंद
आणि भरतो तोच.
'तंगूस तुटला.' 'पोरांनी दगड मारले.'
'बायकोचा फोन.'
तांबोळींच्या अक्षरात एकदा नुसतंच, 'असो.'

नेने मासे खात नाहीत. त्यांच्याकडे अंडंही चालत नाही.
घरी सांगतात, नदीवर फिरायला जातो,
आणि खोटं नसतं ते.
मिळालेली चिलापी तांबोळींच्या पिशवीत जाते,
मरळ असली की तांबोळी विचारतात,
"नेने, आज तरी?"
सव्वीस वर्षं विचारतायत.

इथली नदी आम्ही सोडली.
पुलाखाली अजून बसतं कुणी कुणी
जलपर्णी काठीनं बाजूला सारत.
आम्ही रविवारी पहाटे वर जातो,
घोटवड्याच्या बाजूला, एका बंधाऱ्याखाली,
जिथं पाण्याला अजून पाण्याचाच वास आहे.

रणपिसे काका. दारूगोळा कारखान्यातून रिटायर, कान गेलेले.
अकरा वर्षं एकाच माशामागे.
खडशी.
पावसाळ्यात चढणीला निघते,
बंधाऱ्याशी येते, थांबते,
डोकं लावून बघते, पुन्हा बघते.
काकांची रजिस्टरमधली ओळ ठरलेली:
'खडशी. दिसली. लागली नाही.'
वार्षिक सभेत ही ओळ मोठ्यानं वाचायची आमची पद्धत होती.
काकाही हसायचे, जरा उशिरा.

पितृपक्षातला रविवार. बाकी कुणाला घरची कामं.
आम्ही दोघंच.
साडेनऊला रीळ किंचाळलं.
काकांनी आधी कानातलं यंत्र काढून माझ्या मुठीत दिलं,
मग बुटांसकट पाण्यात शिरले, मांड्यांपर्यंत.
ओढायचे, सोडायचे. सोडायचेच जास्त.
ती दोनदा खडकामागे गेली,
दोनदा त्यांनी काठी आकाशात धरून
तिला परत बोलावली, न रागावता.
मग कडेला आली. खवले जुन्या रुपयाएवढे,
पितळी, कडांना काळसर.
मी आयुष्यात एवढं जिवंत काही
इतक्या जवळून बघितलं नव्हतं.

त्यांनी गळ काढला. तिचं तोंड धारेकडे करून
दोन्ही हातांनी धरून राहिले,
तापातल्या पोराला धरावं तसे,
ती स्वतःहून निघेपर्यंत.

"वजन?" मी ओरडले.
यंत्र माझ्याच मुठीत.
त्यांनी ओठ वाचले असावेत.
बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले,
"लागली नाही, लिही."
आणि थोड्या वेळानं, पँट पिळता पिळता,
"वजन लिहिलंस तर पुढच्या रविवारी इथं वीस काठ्या.
त्याच्या पुढच्या रविवारी जिलेटिन."

सोमवारी संध्याकाळी मी ओळ लिहिली
माझ्या त्या बऱ्या अक्षरात.
शाई वाळेपर्यंत मागची पानं उलटत बसले.
खडशी. दिसली. लागली नाही.
खडशी. दिसली. लागली नाही.
सात वर्षांपूर्वीच्या एका सप्टेंबरात
त्या ओळीखालचा कागद फुगलेला,
ओल्या हातानं लिहिल्यासारखा.
आणखी एके ठिकाणी 'नाही'चा काना
वळत वळत समासात गेलेला.
मोजायला लागले होते, मग थांबले.

जिन्यावर नेन्यांच्या चपला वाजल्या.
"काय, काल काही मिळालं का?"
मी रजिस्टर मिटलं.
म्हटलं, नदीवर फिरून आले.