तेवीस किलो

वारज्यात, पुलाच्या अलीकडे, माझं रद्दीचं दुकान.
पेपर चौदा रुपये, पुठ्ठा आठ, पुस्तकं बघून.
बॅग तोलायचे पैसे घेत नाही.

जुलैच्या अखेरीस येऊ लागतात,
स्कूटरवर आडवी बॅग धरून, मागे आई.
"काका, जरा वजन बघता? तेवीसच्या वर चालत नाही."
लाल आकडे थरथरतात, थांबतात.
आई माझ्याकडे बघते, डॉक्टरकडे बघावं तशी.
साडेचोवीस म्हटलं की तिथंच, फुटपाथवर, चेन उघडते:
कुकर निघतो, परत जातो,
चपला निघतात,
मेतकूट निघत नाही.

जायच्या आधी घर हलकं करतात, तेही माझ्याकडेच.
इंजिनिअरिंगची जर्नल्स, क्लासच्या झेरॉक्स,
इंग्रजी शब्दांचं ते जाडजूड पुस्तक.
एकच प्रत मी सहा जणांना विकली,
सहाही वेळा परत आली,
दर वेळी समासात नवं अक्षर.
वाचणारे टेक्सासला, टोरांटोला, कुठे कुठे.
पुस्तक वारज्यातच.

खरं सांगतो आता, इतकी वर्षं झाली.
माझा काटा दहाला नऊ दाखवायचा.
धंद्यातलं हे सगळ्यांना ठाऊक, देणाऱ्यालाही;
घासाघीस भावावर होते, काट्यावर कुणी बोलत नाही.
पण त्याच काट्यावर मी बॅगाही तोलत होतो
आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, देवाशप्पथ,
सबनीस बाई येईपर्यंत.

बाई ओरडल्या नाहीत.
पुण्यात कुणी न ओरडता उभं राहिलं की पोटात गोळा येतो.
"अडीच किलो जास्त भरलं विमानतळावर.
भाजणी टाकली त्यानं, तिथल्याच डब्यात.
आणि ह्यांचा स्वेटर."
हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.
मग पिशवीतले पेपर काढून त्यांनी त्याच काट्यावर ठेवले.
मी आकडा न बघता पैसे दिले.
त्यांनी मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार पेठेतून खरा काटा आणला.
रद्दीला जुना, बॅगांना नवा.
हसू नका. पोट आहे.

आमची हर्षदा सिस्टर झाली.
दीड वर्ष जर्मन शिकली, डेक्कनला क्लास,
रात्रपाळीहून येऊन भांडी घासताना पुटपुटायची.
म्हणाली, तिकडे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी.
कुठला काटा? मी विचारलं.
"दोन्ही, पप्पा."
नर्सला तिकडेही बहीणच म्हणतात, म्हणाली,
त्याचं मला जरा बरं वाटलं.
कासेल नावाचं गाव. नकाशात दाखवलं तिनं,
माझ्या बोटाखाली अख्खं झाकलं गेलं.
मी करमाळ्याहून आलो तेव्हा एक पिशवी होती,
ती कुणी तोलली नाही.

काल रात्री शटर अर्धं ओढून तिची बॅग ठेवली.
नव्या काट्यावर तेवीस पूर्णांक चार.
तिनं काही काढलं नाही.
उचलली, जुन्यावर ठेवली.
एकवीस.
"इथं बसतंय बघा," म्हणाली आणि हसली.
म्हणजे तिला ठाऊक होतं,
बहुतेक शाळेपासून,
ज्या पैशांतून फी जायची तेव्हापासून.
मग आईनं कोंबलेली लोणच्याची बरणी
तिनं काढून माझ्या हातात दिली.

पहाटे तीनला गाडी गेली.
तिच्या वह्या इथंच आहेत, सुतळीनं बांधलेल्या.
हाडांची नावं, औषधांची मापं,
एका पानावर नुसतं "झोप येतेय", तीन वेळा.
रद्दीच आहे, देऊन टाका, तीच म्हणाली.
कुठल्या काट्यावर ठेवू ते ठरेना.
सकाळपासून दोन्हींच्या मध्ये
स्टुलावर आहेत.