माप

भरतीच्या वेळी बेळगावात छाती मोजली होती,
फुगवून पाच सेंटिमीटर जास्त.
त्यानंतर माझं माप कुणी घेतलं नाही.
तसं कारणही नव्हतं, शाली सगळ्यांना सारख्याच होतात.

सात शाली आहेत. सात सव्वीस जानेवारी.
निवतीच्या शाळेत झेंड्याखाली मला नेतात,
चाकं पुळणीत रुततात, चार पोरं खुर्ची उचलतात,
आणि सरपंच माईकवर सांगतो, रणांगणावर जायबंदी झालेले
आपल्या गावचे सुपुत्र, नाईक उल्हास कोचरेकर.
रणांगण नव्हतं. रस्त्यावर बर्फ होता,
ट्रकात केरोसिन आणि बटाटे,
आणि यादव ड्रायव्हरने ब्रेक दाबला तो दाबलाच.
हे मी एकदा सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ओरोसच्या कचेरीतून तीनचाकी आली,
हाताने फिरवायची, लाल, घंटी असलेली.
सपाट रस्त्यासाठी चांगली असावी.
आमच्याकडे सपाट म्हणजे ओहोटीची वाळू,
आणि तिथवर जांभ्याच्या अकरा पायऱ्या.
तीनचाकीत आता कोंबडी अंडी घालते. तिला सोयीची पडली.

घरात कमी काही नव्हतं. हेच सांगायला जड जातं.
वहिनी न मागता चहा द्यायची,
भाऊ मासळीच्या लिलावावरून धावत यायचा,
मला न्हाणीत न्यायचा, पाणी घालायचा, तोंड फिरवून.
त्याच्या हाताला बांगड्याचा वास,
माझ्या पाठीवर त्याचा घाईचा तांब्या.
कुणी कधी चिडलं नाही.
चिडलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मग कुडाळहून रेहाना मुकादम आली, स्कूटरवर,
पिशवीत टेप आणि वही.
शौर्याबद्दल काही विचारलं नाही.
म्हणाली, "सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचंय? तुम्हाला. एकट्याने."
चालायचंय, मी म्हटलं.
"ते सोडून." तिने पेनाचं टोपण काढलं.
बराच वेळ गेला. माडावरून एक झाप पडली.
मग मी सांगितलं, वहिनीला ऐकू जाऊ नये इतकं हळू:
न्हाणीचं दार आतून लावायचंय.

तिने लिहून घेतलं, जणू मी साबण मागितला.
मग मोजलं. बसल्यावर हात वर किती जातो,
पुढे किती, उजवा खांदा कुठे अडतो,
खुर्चीची रुंदी, दाराची रुंदी.
दार दोन बोटं कमी.

बाबल मेस्त होड्या बांधतो. त्याने पायऱ्या बघितल्या, पान थुंकला:
"व्हडी चढता, मगे खुर्ची कित्याक नाय चढूची?"
पाण्यातून होडी वर ओढायला उतार किती लागतो
हे त्याच्या पावलांना पाठ.
रापणीच्या जुन्या होडीच्या फळ्या सुटल्या,
दोन माडांना वळसा घालत खाली गेल्या.
रंधा मारू दिला नाही.
"गुळगुळीत केलंय तर थेट दर्यात जातलंस."
पैसे ओरोसहून यायचे होते. अर्धे आले, पुढच्या दिवाळीला.

न्हाणीची चौकट रुंद केली,
जुन्या दाराला कडेने एक पट्टी जोडली.
भिंतीत पाईप, धरायला. नळ खाली, साबण खाली,
कडी खाली. जुन्या कडीची भोकं वर तशीच राहिली,
आरपार, उभ्या माणसाच्या उंचीवर.

शुक्रवारी आत गेलो. कडी लावली.
खुर्चीवरून पाटावर यायला पंचवीस मिनिटं.
एकदा घसरलो, कोपर सोलपटलं.
बाहेरून भाऊ म्हणाला, "येव काय?"
नको.
दाराखालच्या फटीत त्याचे पाय दिसत राहिले,
मग दिसेनासे झाले.
तांब्या भरला. डोक्यावर ओतला. सावकाश.
पाणी एव्हाना निवलं होतं.
पाठीचा मधला भाग कोरडाच राहिला,
तिथे हात पोचत नाही. रेहानाच्या वहीत तसं लिहिलंय:
लांब दांड्याचा ब्रश, पुढच्या भेटीत.

वरच्या भोकांतून ऊन आत आलं, दोन ठिपके,
माझ्या मांडीवर, जिथे मला काही कळत नाही.
ते बघत बसलो.
वहिनीने बाहेरून दोनदा विचारलं, झालं का?
झालं होतं.
मी म्हटलं, नाही अजून.