नाव काढायचं नाही

गुरुवारपासून काहीच उघडत नाही.
फेरीबोटीची वेळ नाही, हवामान नाही,
तालिनच्या काइरेचा चेहरा नाही.
बाहेर हियुमा बेटावर मार्चचा मळका बर्फ,
आत टेबलावर उर्मासनं बसवून दिलेला हा लिनक्स,
झाकणावर पेंग्विन, एक डोळा खरवडलेला.

उर्मासला फोन करता आला असता.
पण काइरेनं त्याला सोडून दोन वर्षं झाली,
आणि या घरात त्याचं नाव काढायचं नाही
हे मीच ठरवलेलं,
चमचा आपटून, सगळ्यांसमोर.

तेव्हा मीच बसले.
एकतीस वर्षं टपाल वाटलंय मी क्योर्गेसारेत.
हरवलेलं पत्र कसं शोधायचं ते मला शिकवू नका.
शेवटचं कुठं दिसलं होतं, तिथून सुरुवात.

केबल. दोन्ही टोकं काढून, फुंकून, परत. टक्.
हिरवा दिवा लुकलुकतोय.
काळी खिडकी उघडली.
आधी यंत्रानं स्वतःलाच हाक मारायची.
वेडेपणा वाटतो, पण करावं,
मीही करते, सकाळी उठल्यावर.
आहे, म्हणालं.
मग राउटर:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक.
आहे. जिन्याखाली, बुटांशेजारी, कोमट.
मग समुद्रापलीकडचा एक आकडा,
कपाटाच्या दारामागं चिकटवलेला, अक्षर कुणाचं ते सांगत नाही.
एकतीस मिलिसेकंद!
आमची बोट सव्वा तास घेते.

म्हणजे रस्ता आहे. पलीकडे कुणीतरी जागं आहे.
मग नावानं विचारलं.
बोटीच्या कंपनीचं साधं नाव, एकेक अक्षर बघून.
यंत्र बराच वेळ गप्प. मग म्हणालं,
नाव उलगडण्यात तात्पुरतं अपयश.

हे मला ठाऊक आहे.
आमच्या टपाल कचेरीत साल्मे होती.
पाकिटावर नुसतं नाव असलं की साल्मेकडे जायचं.
ती? ती दीपगृहामागं, तिसरं घर, कुत्रा चावतो.
एका हिवाळ्यात साल्मेला न्यूमोनिया झाला,
रस्ते सगळे मोकळे होते
आणि पोतं तसंच पडून राहिलं.

या घरातली साल्मे कोण?

फाइल उघडली. दोनच ओळी.
पहिली माणसासाठी, सुरुवातीला ती जाळीची खूण,
जिच्यापुढचं यंत्र वाचत नाही:
# हेल्वे, खालची ओळ बदलू नका. अडलं तर फोन करा. उ.
दुसरी यंत्रासाठी: नावं चाळीस नंबरला विचार.

चाळीसला हाक मारली. उत्तर नाही.
परत. उत्तर नाही.
चाळीसला कोण राहतं आमच्याकडं?

तशीच चपला घालून सॉनाकडे गेले.
बाहेरच्या खोलीत, टॉवेलांच्या फळीवर,
साबणाच्या वडीएवढी त्याची ती पेटी.
थंडगार.
बुधवारी रात्री मीच तिचा प्लग उपटला होता,
माशांच्या फ्रीजरसाठी.

उभी राहिले थोडा वेळ.
म्हणजे दोन वर्षं
या घरात कुणाचंही नाव काढलं
तरी आधी ते इथं यायचं, या फळीवर,
आणि ही पेटी निमूट सांगायची, कुठं जायचं ते.
काइरेचं सुद्धा.

प्लग परत लावता आला असता.
फ्रीजर गुरगुरत होता. पंधरा किलो फ्लाउंडर.

परत आले. यंत्रानं पासवर्ड मागितला.
टाइप करताना पडद्यावर ठिपकाही उमटत नाही,
अंधारात बटणं लावल्यासारखं.
खाली राउटरचा नंबर लिहिला: तू विचार आता नावं.
त्याची ओळ खोडायची होती,
करंगळी त्या किल्लीवर ठेवलेली होती.
मग तिच्यापुढं नुसती ती खूण टाकली,
जाळीची.

यंत्र ती आता वाचणार नाही.
मला वाचता येते.

शनिवारी बोट साडेआठला आहे. वारा वायव्येचा.