काट्यातली खाण

पान पोखरणारी अळी शोधायची,
आणि झुडूप असं, ज्याला पानच नाही.
रोप असताना तीन-तीन दलांची हिरवी पानं होती त्याला,
मग वाऱ्याने काय शिकवलं कुणास ठाऊक,
एकेका पानाचा काटा झाला.

इथे वेल्समध्ये त्याला ऐथिन म्हणतात.
समुद्राकडच्या कड्यावर, मेंढ्यांच्या वाटेच्या दोन्ही अंगांना
मार्चमध्ये पिवळं उसळलेलं.
फुलांना वास नारळाचा;
ज्यांनी नारळ फक्त बिस्किटात खाल्लाय
तेही हेच सांगतात.

गुडघे टेकते. चामड्याचा मोजा डाव्या हातात,
उजवा उघडाच,
बोटांना दिसतं ते मोज्याला दिसत नाही.
भिंग डोळ्याला भिडवते, काटा भिंगाला.
दंवाने करपलेला. हा नाही.
लाल कोळ्यांनी जाळ्यात गुंडाळून शोषलेला, पांढुरका. हाही नाही.
मेंढीने चावलेला.
सत्तेचाळिसाव्या की अठ्ठेचाळिसाव्या काट्यात
सालीखाली एक फिकट तपकिरी रेघ,
सुईने ओढावी आणि मध्येच विचार बदलावा तशी.

इद्वल पॅरी काठी टेकत येतात. वय एक्याऐंशी.
बत्तीस वर्षं डोंगराच्या पोटात, पाटीच्या दगडाच्या खाणीत.
आधी त्यांचा खोकला येतो, मग ते.
"काय सापडलं, मेन्ना?"
"खाण."
हसतात. हसणं खोकल्यात जातं.
मी भिंग त्यांच्या हातात देते.

बराच वेळ बघतात.
मग विचारतात, "राडारोडा कुठे टाकलाय?"

पुस्तकातही हाच प्रश्न, फक्त लांबलचक:
अळीने विष्ठा कुठे ठेवली,
मधोमध एका ओळीत, की आलटून पालटून दोन्ही भिंतींना,
की भोक पाडून बाहेर.
खाणारा ओळखायचा तो त्याने टाकलेल्यावरून.

"एका टोकाला," ते सांगतात. "नीट रचलाय.
माणूस जाणकार आहे. चालायची वाट मोकळी ठेवलीये."

त्यांच्या गावावर अजून उभे आहेत ते निळे-काळे ढीग,
घरांपेक्षा उंच, पावसात चकाकणारे;
एक पाटी मिळवायला नऊ पाट्यांचा कचरा.
डॉक्टरने त्यांच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला होता,
त्याबद्दल ते एकदाच बोलले,
तेही माझ्या परसातल्या कोबीबद्दल बोलता बोलता.

फांदी कापून आणली. मुरंब्याची रिकामी बाटली, ओला कापूस,
तोंडाला जुनं झिरझिरीत कापड.
चिठ्ठीवर तारीख, कडा, जमिनीपासूनची उंची,
आणि नावाच्या जागी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह,
म्हणजे पुसता येईल.

एप्रिल गेला. मे गेला.
रोज सकाळी केटली चढवायच्या आधी बाटली.
इद्वल फोन करायचे: "सुटली का पाळी त्याची?"
"अजून नाही."
"जादा काम लावलं असेल."

जूनच्या नऊ तारखेला कोणीतरी वर आलं.
पतंग नव्हता.
चित्रातले ते सोनेरी पंख, त्यांवरचे रुपेरी पट्टे,
मनातल्या मनात मी केव्हाच लिहून टाकले होते. ते नव्हते.
एक गांधीलमाशी, स्वल्पविरामाएवढी,
काळी, कुठून पाहिलं तर हिरवी.
अळीच्या आत वाढलेली,
खाणाऱ्याला खाऊन त्याच्याच बोगद्यातून निघालेली.
काचेवर चालत होती, मिशा पुसत,
जणू काही झालंच नाही.

कापड सोडलं. खिडकी उघडली.

फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे
थोडा वेळ नुसता श्वास वाजत राहिला.
मग म्हणाले, "त्याचं काम मात्र चोख होतं. हे लिही."

तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.
जात: ठरवता आली नाही. एवढंच लिहायचं असतं.
मी प्रश्नचिन्ह शाईने गिरवलं,
आणि समासात, काटेरी अक्षरात:
राडारोडा एका टोकाला.
वाट मोकळी.