ताडांच्या मुलुखात

नन्दसिरीच्या मेहुण्याकडे दोन दिवस झाडं सोपवली,
वर बजावलं: पोयीला एक वेळ जरी चुकलास तर रुसते,
बायकोसारखी नाही, सासूसारखी.
आणि निघालो चौघं, कळुतरहून, पहाटेच्या पहिल्या गाडीने,
कोलंबोला फलाट बदलून
उत्तरेकडे.

पन्नाशी उलटली आमची.
या माडावरून त्या माडावर, दोरावरून चालत
किती मैल झाले असतील, पियतिलक बोटं मोडून हिशेब करतो.
पण जमिनीवरून, आडवं,
अनुराधपुराच्या पलीकडे कुणीच गेलं नव्हतं.
तिथवरही लहानपणी, पांढऱ्या कपड्यांत, आईचं बोट धरून.

नारळाच्या रोट्या, लाल मिरचीचा ठेचा,
आणि सोमदासने, नको म्हणत असताना,
बाटलीभर माडी पिशवीत घातलेली.
माहो आलं, ऊन चढलं, बूच उडालं.
सगळ्या डब्याला आमचा धंदा कळला.
समोरच्या बाईच्या लुगड्यावर फेस. आम्ही मेलो मेल्यासारखे.
ती नाकाला पदर लावून
इतकी हसली, इतकी हसली
की तिकीट तपासनीस तिकीट न बघताच पुढे गेला.

वावुनियाला आमची भाषा खाली उतरली,
बहुतेक चहा प्यायला,
गाडी सुटली तरी परत चढली नाही.
आता डब्यात सगळं त्यांचं: भांडणं, बाळं, शेंगदाणेवाल्याची हाक.
पाटीवर तीन लिप्या. आमची आम्ही वाचली,
तरी गावाचं नाव जिभेवर नीट बसेना,
दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं.

मांकुलमला पियतिलक उठून उभा राहिला.
थोरल्या भावाचं शेवटचं पत्र इथून आलं होतं.
आम्ही विसरलो होतो.
तो नव्हता, म्हणून तर कोलंबोपासून खिडकी धरून बसलेला.
फलाटावर एक पोरगा डब्यातल्या झाडांना पाणी घालत होता.
एक कोंबडी.
तीन मिनिटं.
त्या बाईने आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं,
त्याला बाहेर वाकता यावं म्हणून.
विचारलं काही नाही.
तिचंही असेल एखादं स्टेशन.

मग ताड सुरू झाले.
आधी दोन-चार, पाहुणे आल्यासारखे लांब उभे,
मग रांगाच्या रांगा, मधेच काही नुसती खोडं, शेंडा नसलेली.
त्यांच्याकडे आम्ही बघितलं आणि मग बघितलं नाही.
ती बोट दाखवून म्हणाली, "पनै."
"तल," म्हणालो आम्ही.
तिने आमचा शब्द चाखून बघितला,
आम्ही तिचा.
नन्दसिरीचं वेगळंच चाललेलं:
"माड कसा वाकतो, ऐकून घेतो.
हा सरळसोट, फौजदारासारखा. दोर बांधायचा कुठे याला?"

संध्याकाळी गावाबाहेर, तांबड्या मातीत,
एक म्हातारा उतरत होता,
पायात दोरीचं कडं, कमरेला मडकं.
खुणा करायच्या आधीच
त्याने आमचे पाय पाहिले.
खाली बसला. नन्दसिरीच्या अंगठ्याशेजारी
दोराने पाडलेल्या खाचेत
आपला अंगठा दाबून बघितला,
डॉक्टर बघतो तसा.
मग सदरा वर करून आपली छाती दाखवली,
सालीने घासून काळी पडलेली, खेटरासारखी.
"सिन्नत्तंबी," म्हणाला. छातीचं नाव असावं तसं.

पानाच्या द्रोणात ताडी आली.
"आपली गोड असते," सोमदास आमच्या भाषेत म्हणाला,
आणि म्हातारा मान डोलवत
त्याच्या भाषेत बहुधा तेच म्हणाला.

नन्दसिरीने कडं मागून घेतलं.
पहिल्या चार हातांवर तो ढेकणासारखा चिकटला,
म्हातारा खालून ओरडायचा, आम्ही खालून ओरडायचो,
कुणालाच कुणाचं कळत नव्हतं, तो मात्र चढत होता.
उजेड जात चालला.
"काय दिसतंय रे वरून?"
"थांबा की," वरून आवाज आला,
"अजून अर्ध्यातच आहे."